चार रेघांचा खांब

इंग्लंडमधल्या श्रूझबरीतल्या त्या सोळाव्या शतकातल्या घराचा दर्शनी गिलावा उतरवला आणि सगळ्यात खालच्या आडव्या तुळईत माझा स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत घुसला. १९६०च्या सुमारास कुणीतरी चुना खरवडून सिमेंट थापलं होतं. ओक ऋतूप्रमाणे फुगतो, आक्रसतो; सिमेंट हलत नाही. कडेला फट पडते, पाऊस आत जातो आणि तिथेच मुरतो. चुन्यातून तो वाळून गेला असता. तरी आजही ‘पक्कं काम’ म्हणून सिमेंटच सुचवणारे कंत्राटदार भेटतात. संताप होतो.

वरचा सांगाडा मात्र ठणठणीत. ओक ओला असतानाच घडवलेला, जागेवर वाळलेला. कुसवातलं, म्हणजे खाचेत शिरणाऱ्या लाकडाच्या जिभेतलं, भोक मुद्दाम खांद्याकडे, जिभेच्या मुळाकडे, किंचित सरकवून पाडलंय. निमुळती खुंटी ठोकली की सांधा आपसूक आवळला जातो. सगळी चौकट आधी सुताराच्या आवारात आडवी जुळवायची, सांध्यांवर खुणा कोरायच्या, सुटी करून जागेवर उभी करायची. मधल्या खांबावर, तिरक्या आधाराच्या सांध्यापाशी अशी खूण होती: चार उभ्या रेघा. रोमन चार नेहमीसारखा लिहिला तर लाकूड उलटं पडल्यावर सहा वाचला जातो, म्हणून चार रेघाच. चौकटीतल्या भिंती काठ्यांच्या विणीवर शेणमाती लिंपलेल्या, थेट माझ्या आजोळच्या कुडासारख्या.

खांब गुडघाभर कुजला होता. नवा ओक जोडायला तिरका, लांब सांधा लागतो. सुतारानं आखलेली रेघ नेमकी खुणेवरून गेली. १९९०च्या वारसा-इमारत कायद्याखाली तेवढा काप मंजूर होता, शुक्रवारी परांची उतरणार होती. मी हो म्हणाले.

काढलेला तुकडा हातात घेतला. रेघांमागचं लाकूड टणक, कोरडं. सांध्याचं तोंड फिरवलं असतं, नवा ओक मागच्या बाजूनं वर नेला असता, तर दर्शनी भाग वाचला असता. सुताराला आणखी दोन दिवस लागले असते. इंग्रज कवी-कलाकार विल्यम मॉरिसनं १८७७मध्ये जुन्या इमारती जपणारी संस्था काढली ती जुनं खरवडून टाकू नये म्हणूनच, आणि हे मी नव्या मुलांना शिकवते. मंजुरीच्या कागदावर उंची लिहिलेली असते, सांध्याची दिशा नसते. ती साइटवर मीच बघायची होती.

“नव्या लाकडावर चार रेघा कोरू का?” सुतारानं विचारलं. मी नको म्हणाले, यंदाचं साल कोरायला सांगितलं. जुना तुकडा चिठ्ठी बांधून त्याच घराच्या माळ्यावर ठेवलाय.