पाइपातल्या जटा

ड्रेनेज तुंबलं आणि चेंबरमधून मुळांचा गुंता निघाला, की घरात पहिला निकाल झाडाविरुद्ध लागतो. म्हणे झाडानं पाइप फोडला! धडधाकट पाइप फोडणं मुळाला सहसा जमत नाही आणि त्याची गरजही पडत नाही. भाजक्या मातीचे जुने पाइप दोन-तीन फुटांच्या तुकड्यांत टाकलेले. म्हणजे चाळीस फुटांच्या लाइनीत पंधरा-वीस जोड, आणि जोडाला सिमेंटचा लेप. जमीन जरा बसली की लेप तडकतो, ओल बाहेर मातीत झिरपते आणि त्या ओलीच्या मागावर मूळ येतं.

आत शिरतं तेव्हा ते दोऱ्याहून बारीक असतं. आत पाणी, हवा, खत, सगळंच तयार. बघता बघता जटा वाढतात. त्यांत केस, कागद, साबणाचा गाळ, तेलाचा थर अडकत जातो. पुढे फटीतलं मूळ जाड होतं आणि मग खरोखरच जोड उसवतो. आरोप अगदीच खोटा नाही, फक्त क्रम उलटा लावलेला असतो.

एकच बेसिन तुंबलं असेल तर लाइनीपर्यंत जायचं कारण नाही, त्याचा ट्रॅप, म्हणजे खालचा पाणी साठवणारा वाकडा पाइप बघावा. पण फ्लश केल्यावर न्हाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज येत असेल, वॉशिंग मशीनचं पाणी सुटल्यावर तळमजल्याच्या मोरीत पाणी वर येत असेल, तर मुख्य लाइन अडली आहे. ओळीनं चेंबरची झाकणं उघडावीत: एक भरलेला आणि पुढचा कोरडा सापडला, की अडथळा त्या दोघांच्या मध्ये. वाकून तोंड आत घालू नये आणि आत तर मुळीच उतरू नये. तिथला वायू जीवघेणा असू शकतो.

सगळ्यांत आधी हात जातो तो ड्रेन साफ करायच्या रसायनाच्या बाटलीकडे. कॉस्टिकनं मुळं विरघळत नाहीत. अ‍ॅसिड सिमेंटचा जोड खातं, म्हणजे मुळांना नवी दारं उघडून देतं. मोरचूद ज्या मुळाला लागतं ते मारतं खरं, पण बरंचसं पाण्याबरोबर पुढे निघून जातं आणि सेप्टिक टँकमधल्या उपयोगी जिवाणूंचा जीव घेतं.

काम करतं ते फिरत्या पोलादी केबलचं मशीन, केबलच्या टोकाला कापणारं पातं. 4 इंची पाइपात आधी 2 इंची पातं, मग 3 इंची. सुरुवातीलाच मोठं घातलं तर ते गुंत्यात रुततं आणि केबलला पीळ पडतो. हातात कातडी मोजे हवेत; कापडी मोजा केबलमध्ये गुंडाळला जातो. खालच्या चेंबरमध्ये जाळी लावून तुकडे तिथंच उचलावेत, नाहीतर तुंबण्याची जागा तेवढी बदलते. मग जोराच्या पाण्याचा जेट आणि शेवटी पाइपात सोडायचा कॅमेरा. हा कॅमेराच नेमका वगळला जातो, कारण पाणी खळखळून गेलं की काम झाल्यासारखं वाटतं. पण कापलेलं मूळ जास्त फांद्या घेऊन परत येतं. कॅमेऱ्यानं उसवलेला जोड दिसला की चेंबरपासूनचं अंतर मोजून वर जमिनीवर खूण करून ठेवावी.

खणायचं ते त्या खुणेवर. तिथला खराब तुकडा काढून 110 मिमीचा पीव्हीसी पाइप, खाली 10 सेंमी वाळू, उतार मीटरला 25 मिमी. सॉल्व्हंट, म्हणजे पीव्हीसी चिकटवायचा द्राव, दोन्ही बाजूंना लावून जोड अर्धा मिनिट दाबून धरावा. खरी फसगत होते ती जुना मातीचा पाइप आणि नवा पीव्हीसी मिळतात तिथं. गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंट धरत नाही. तिथं स्टीलच्या क्लॅम्पचं रबरी कपलिंगच हवं. मातीत गाडण्याआधी पाणी भरून, जोड पाझरत नाहीत ना ते बघावं. वर पक्की फरशी असेल आणि खणणं नकोच असेल, तर पाइपाच्या आत रेझिनचं अस्तर चढवता येतं. मात्र त्याआधी मुळं पूर्ण निघालेली हवीत.

झाड तोडलं तरी बुंध्याला कोंब फुटू शकतात. मुळं कुजली की जमिनीत पोकळी राहते, माती बसते आणि पाइपाला झोळ पडतो. खणताना बारीक मुळं करवतीनं सरळ कापावीत, फावड्यानं फाडू नयेत. मनगटाएवढं मूळ आडवं आलं तर पाइपालाच वळसा द्यावा, तोही 45 अंशांच्या बेंडांनी. काटकोनी बेंड टाकला तर पुढच्या वेळी केबल तिथंच अडून बसेल.