डबा महिनाभर पुरला

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात माझं मेडिकल आहे. जुलैत जांबोटीकडची बस आली की चार-पाच जण भिजत दुकानाच्या पत्र्याखाली येऊन थांबतात. त्या दिवशी त्यातल्या एक आजी आत आल्या आणि पिशवीतून पावडरच्या दुधाचा रिकामा डबा काढून काउंटरवर ठेवला.

"दादा, ह्यातला दोन नंबर द्या. एक नंबरानं प्वार अंग धरंना."

बाळ अडीच महिन्यांचं होतं. दोन नंबर सहा महिन्यांनंतरचा. नंबर मोठा म्हणजे ताकद जास्त असं नसतं, एवढं सांगून मी एक नंबरचा डबा काढायला वळलोसुद्धा. वळता वळता सहज विचारलं, "हा कधी नेला होता?"

"झाला की महिना. तुमच्याकडनंच."

चारशे ग्रॅमचा डबा, महिनाभर?

तायी कार्ड मागितलं, म्हणजे सरकारी दवाखान्यातून आई-बाळाच्या नोंदींसाठी मिळतं ते. प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणलेलं होतं. कन्नडमधलं, त्यामुळे आजींना वाचता येत नव्हतं. जन्माचं वजन २.८ किलो, सहाव्या आठवड्याच्या लशीला ३.३, दहाव्याला ३.५. या वयात बाळ दिवसाला वीस-तीस ग्रॅमनं वाढायला हवं. इथं चार आठवड्यांत सगळे मिळून दोनशे.

बिलाच्या पाठीमागं हिशेब मांडला. किलोमागे दिवसाला साधारण १५० मिली दूध, म्हणजे सव्वापाचशे. त्या डब्यातला एक सपाट चमचा तीस मिली पाण्याला. सतरा-अठरा चमचे झाले. चमच्यात साडेचार ग्रॅम धरले तर डबा पाच दिवसांत संपतो. रात्री आई अंगावर पाजते, दिवसा डब्याचं, असं आजी म्हणाल्या. निम्मं धरलं तरी दहा दिवस.

"आजी, बाटली कोण करतं?"

"मीच करतो की." (आमच्याकडं बायकाही करतो-जातोच म्हणतात.) "नव्वदच्या रेघंपर्यंत पाणी नि एक चमचा. दवाखान्यात नर्सबाईनंच सांगितलंय, एक चमचा म्हणून."

नर्सबाईंचं चुकलं नव्हतं. बाळ चार दिवसांचं असताना तीस मिली पाण्याला एक चमचा बरोबरच होता. पुढं बाळाची भूक वाढली, बाटलीतलं पाणी वाढलं, चमचा तेवढा एकच राहिला. "लघवी तर धा-धा बारी करतंय की ओ," आजी म्हणाल्या. एरवी दूध पुरतंय का, हे ओल्या दुपट्यांवरून आम्हीच ओळखायला सांगतो. इथं पाणीच पोटात जात होतं, दुपटी ओली होणारच. असं पातळ दूध चालू राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरून बाळाला झटकेही येऊ शकतात. ते मात्र मी आजींना तेव्हा बोललो नाही.

आणि डबा विकला होता मीच. पैसे घेतले, सुटे दिले, कसं करता ते विचारलं नाही. लोक कुठला डबा चांगला म्हणून अर्धा तास विचारतात, अंगावर पुरळ दिसलं की लॅक्टोज-फ्री मागतात (ॲलर्जी असलीच तर ती गाईच्या दुधातल्या प्रथिनाची, आणि ते बहुतेकदा त्यातही असतं), आणि मीही कंपन्यांची तुलना सांगत बसतो.

डबा लगेच दिला नाही. आधी बाळाला नि सुनेला घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा, म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिघं चिठ्ठी घेऊन आली: एक नंबरच, पण नीट मापानं, आणि आईनं दिवसाही आधी अंगावर पाजायचं. डब्यावरचा तक्ता इंग्रजीत, म्हणून मी मार्करनं झाकणावर रेघा ओढल्या. ३० ला एक, ६० ला दोन, ९० ला तीन. उकळलेलं पाणी आधी, पावडर नंतर, चमचा सुरीच्या पाठीनं सपाट करून. उरलेलं दूध टाकायचं. टाकायचं म्हटल्यावर आजींनी माझ्याकडं असं पाहिलं की बस्स.

दोन आठवडेही झाले नसतील, त्या पुन्हा दारात. डबा आपटलाच काउंटरवर.

"बारा दिवसात संपला की ओ! असा कसला डबा दिलासा?"