रतनगड ते हरिश्चंद्रगड : निघण्याआधीचे सहा आठवडे

रतनवाडीहून रतनगड, तिथून कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड आणि टोलार खिंडीतून खिरेश्वरला उतार. चार दिवस, तीन मुक्काम, डिसेंबरचा पहिला आठवडा. माणसं पाच: दोन जुनी, तीन नव्याने जोडलेली. मुंबईकरांनी कसाऱ्याला लोकलमधून उतरून घोटीमार्गे शेंडी गाठायची, पुणेकरांनी आळेफाटा-संगमनेर-अकोले-राजूर करत यायचं. शेवट खिरेश्वरजवळच्या खुबी फाट्याला ठेवलाय, कारण माळशेजचा रस्ता तिथूनच जातो. कल्याणकडची आणि आळेफाट्याकडची, दोन्ही एसट्या तिथेच मिळतात आणि परतीला कुणाचा खोळंबा होत नाही.

पहिला आठवडा : माळ्यावरून काढलेलं सामान

पावसाळी ट्रेकनंतर सॅक धुऊन माळ्यावर टाकली आणि ऑक्टोबरात काढली की दोनांपैकी एक गोष्ट होते. कापडावर बुरशीचे काळे ठिपके पडतात, नाहीतर आतला पाणीरोधक थर चिकट होऊन त्याला आंबूस वास सुटतो. ठिपके दिसायला वाईट, पण निरुपद्रवी. सौम्य साबणाचं पाणी, मऊ ब्रश आणि सावलीत दोन दिवस. चिकटपणा हा खरा बिघाड. तो थर पॉलियुरेथेनचा असतो, दमट हवेतल्या पाण्यानेच तो हळूहळू विघटित होतो, आणि एकदा सुरू झालं की थांबत नाही. त्यावर पावडर मारणं म्हणजे मलमपट्टी. पाचपैकी दोन सॅकना हेच झालं होतं. दोन्ही उलट्या करून सर्जिकल स्पिरिटने भिजवलेल्या फडक्याने आणि जुन्या टूथब्रशने तो थर पूर्ण खरवडून काढला. खिडक्या उघड्या, गॅस बंद. स्पिरिटची वाफ पेट घेते. एका सॅकला दीड तास आणि साधारण पाव लिटर स्पिरिट लागलं. आता त्या सॅक पाणी अडवणार नाहीत, पण हरकत नाही, कारण शिलाईतून पाणी तसंही येतंच. आत जाड पॉलिथिनची एक मोठी पिशवी घालायची, तोंड पिळून दुमडायचं. कव्हरपेक्षा हे भरवशाचं. कव्हर पाठीकडून येणारं पाणी अडवत नाही आणि करवंदीच्या जाळीत फाटतं.

स्लीपिंग बॅग दाबून भरलेल्या अवस्थेत तीन महिने पडली होती. फायबरची ऊब त्यातल्या हवेत असते, आणि दाबून ठेवलेलं फायबर पुन्हा पूर्ण फुलत नाही. उन्हात दोन तास टाकून बघितली, अर्धीच फुलली. यापुढे सुती पिशवीत सैल किंवा हँगरला.

हेडटॉर्चमधून सेल काढायचे राहिले होते. आत पांढरी पूड. अल्कलाइन सेलची ही गळती क्षारधर्मी असते, म्हणून कानकोरणीला लिंबाचा रस लावून पुसायची, मग स्पिरिटने, मग पूर्ण वाळू द्यायचं. स्प्रिंगवरचा मुलामा गेला असेल तर बारीक सँडपेपर एकदाच फिरवायचा. टॉर्च चालू झाली.

दुसरा आठवडा : बूट

हे सविस्तर लिहितोय, कारण ट्रेक बूटामुळे जितके फसतात तितके पावसामुळे फसत नाहीत.

आधी तपासणी. बूट दोन्ही हातांत धरून मधोमध वाकवायचा. तळवा आणि वरचं अंग यांच्या सांध्यात चीर उघडते का ते टाचेकडून आणि चवड्याकडून बघायचं. मग तळव्याच्या वरचा जो मऊ फोमचा थर असतो, त्यात अंगठ्याचं नख रुतवायचं. नख काढल्यावर खळगा भरून आला तर फोम जिवंत आहे. खळगा तसाच राहिला किंवा बिस्किटासारखा भुगा पडला तर तो बूट कितीही नवा दिसो, कापडी पिशवीत घालून भंगारात द्यायचा. सॅकच्या थराला जे होतं तेच इथे होतं, आणि न वापरता ठेवलेल्या बुटांनाही होतं. असा बूट चिकटवून उपयोग नाही; गोंद टिकतो, फोमच सुटतो. नव्या मंडळींपैकी एकाचा बूट या परीक्षेत नापास झाला. चार वर्षांपूर्वी घेतलेला, जेमतेम तीनदा घातलेला. वाईट वाटतं, पण कात्राबाईच्या उतारावर तळवा हातात येण्यापेक्षा बरं.

दुसऱ्या एकाचा फोम ठीक होता, चवड्याकडचा सांधा तेवढा चार सेंटिमीटर उघडला होता. तो असा बसवला. चीर उघडून आतली माती दाभणाने काढली, जुना गोंद खरवडला. दोन्ही बाजू 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून स्पिरिटने पुसल्या. मग कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह, म्हणजे फेव्हिबाँड जातीचा पिवळा रबरी गोंद, दोन्ही बाजूंना पातळ लावला. इथे सगळे घाई करतात. गोंद ओला असताना दाबला तर आतला द्रावक बाहेर पडत नाही, सांधा महिनाभर मऊ राहतो आणि चालताना सरकतो. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोट लावलं तर चिकट वाटलं पाहिजे पण बोटाला गोंद लागता कामा नये. तेव्हा एकदाच जुळवून दाबायचं. कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह दुसरी संधी देत नाही. वर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आवळून गुंडाळली आणि दोन दिवस हात लावला नाही. त्यानंतर मोच्याकडून चवड्याभोवती नायलॉनच्या दोऱ्याने शिवून घेतला. फेव्हिक्विक इथे चालत नाही. ते सुकल्यावर काचेसारखं कडक होतं आणि बूट जिथे वाकतो तिथेच तडकतं. सॅकमध्ये तातडीसाठीही ते नको, दोन मीटर सुतळी आणि तारेचा तुकडा हवा.

तिसरा आठवडा : माणसं

नव्या लोकांबरोबर जाताना सामानाची यादी सगळे पाठवतात, नको ते प्रश्न कुणी विचारत नाही. ते एकेकाला फोनवर विचारले, ग्रुपवर नाही; ग्रुपवर कुणी दम्याचं सांगत नाही. दमा, मधुमेह, फिट, गुडघा, मधमाशी चावल्यावर अंगावर गांधी येणं, चालू असलेल्या गोळ्या, घरच्या एका माणसाचा नंबर. उंचीची भीती वेगळी विचारली, कारण रतनगडाला लोखंडी शिड्या आहेत. एकाला थोडी आहे. शिडीवर तो मधे. पुढचा वर पोचल्याशिवाय त्याने पाय टाकायचा नाही, सॅकचे लोंबते पट्टे आधीच खोचलेले, एका वेळी एकच हात किंवा एकच पाय सुटलेला. घोरण्याबद्दलही विचारलं. एक कबूल झाला, एकाचं नाव दुसऱ्याने सांगितलं. तंबूची वाटणी त्यावरून झाली.

ठरलेले नियम थोडे आहेत. दारू नाही, स्पीकर नाही. अत्तर, डिओ नाही, कारण कड्याला आग्या मोहोळं असतात आणि उग्र वासाने, धुराने ती उठतात. पुढे एक, शेवटी एक, आणि या दोघांच्या मधल्या कुणीही फाट्यावर शेवटचा माणूस दिसेपर्यंत पुढे सरकायचं नाही.

पैसे: प्रत्येकी 2,000 आधीच एकाकडे, बाकी टीटीएमएम (तू तुझं, मी माझं). त्यातले निम्मे शंभर-पन्नासच्या नोटांत. कुमशेतला रेंज मिळेल या भरवशावर यूपीआय धरून जाणारा माणूस जेवून झाल्यावर यजमानासमोर फोन हवेत धरून उभा राहतो.

चौथा आठवडा : राजमाचीची रंगीत तालीम

कोंदिवड्याहून कोंढाणे लेण्यांवरून चढ, उधेवाडीत मुक्काम, दुसऱ्या दिवशी तुंगार्लीमार्गे लोणावळा. ही निवड मुद्दाम: पहिला दिवस चढाचा, दुसरा लांबलचक सपाटीचा. चढावर दम कळतो, सपाटीवर बूट कळतात. सॅक पूर्ण भरलेल्या. सामान कमी पडलं तिथे पाण्याच्या बाटल्या भरून वजन केलं.

निघालेले दोष. तिघांच्या सॅकचा कमरेचा पट्टा पोटावर होता. तो कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. आधी खांद्याचे पट्टे सैल, मग कमरपट्टा हाडावर ओढून घट्ट, मग खांद्याचे पट्टे हलके ओढायचे, शेवटी छातीचा. उलट क्रमाने केलं की वजन खांद्यावर राहतं आणि दोन तासांत बोटांना मुंग्या येतात. जड वस्तू पाठीला लागून, मध्यावर. स्लीपिंग बॅग तळाशी. एकाने तंबू सॅकच्या वरच्या झाकणात ठेवला होता, प्रत्येक वळणावर तो मागे खेचला जात होता.

एकाला टाचेला फोड. तो फोड दुपारी दिसला तरी सुरुवात सकाळी दहालाच झाली होती. तेव्हा ‘जरा गरम लागतंय’ असं तो म्हणाला होता आणि कुणी थांबलं नाही. गरम लागलं की तिथेच बूट काढून, पाय पुसून मायक्रोपोर चिकटपट्टी लावायची, सुरकुती न पडू देता. फोड आलाच तर कडेने सुई टोचून पाणी काढायचं, वरची कातडी मात्र ठेवायची.

चढावर पहिल्या आणि शेवटच्यात पंचवीस मिनिटांचं अंतर पडलं. दोष शेवटच्याचा नव्हता, पुढच्याचा होता. आता वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा, आणि तोच पुढून दुसरा. पन्नास मिनिटं चाल, दहा मिनिटं बसणं. पाच मिनिटांत सॅक काढून होत नाही तोवर उठायची वेळ येते.

आणखी एक बारीक चूक, पण नेहमीची: ओआरएसची एक लिटरची पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत. खारट लागतं म्हणून पुढे कुणी पीत नाही, आणि तसं दुप्पट दाट पाणी पिणं योग्यही नाही. पुडी पूर्ण लिटरातच. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा चमचा मीठ.

पाचवा आठवडा : स्टोव्ह रद्द

यावर सर्वाधिक वाद झाला. गॅसची नळकांडी लोकलमधून न्यायला मनाई आहे, अभयारण्यात चूल पेटवायची नाही, आणि कुमशेत, पाचनईला घरगुती जेवण मिळतं. स्वतः शिजवायची वेळ फक्त रतनगडच्या गुहेतल्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी येते. त्यासाठी स्टोव्ह, भांडी, इंधन, तांदूळ-डाळ मिळून जवळजवळ अडीच किलो वाहायचं? त्याऐवजी न शिजवण्याचं खाणं.

रात्रीला दशम्या, माणशी चार. दुधात भिजवलेली कणीक, पाणी नाही. दोन दिवस मऊ राहतात. भाकरी रात्रीपर्यंत चामडं होते. सोबत सुकी लसणाची चटणी 100 ग्रॅम, लोणचं कोरड्या फोडींचं. सकाळी जाड पोहे माणशी 60 ग्रॅम, धुऊन निथळून दहा मिनिटं ठेवायचे, त्यात दाण्याचं कूट, मेतकूट, मीठ, लिंबू. शिवाय लाह्यांचं पीठ 250 ग्रॅम आणि किसलेला गूळ 150, दूध पावडरीच्या पाण्यात कालवून. दुपारी खिंडीच्या अलीकडे. चालताना खायला माणशी रोज 40 ग्रॅम चिक्की, खारीक, दाणे. दिवाळीचा फराळ उरलाच आहे. त्यातल्या शंकरपाळ्या घ्यायच्या. चिवड्याचा भुगा होतो, करंजीचं सारण सॅकभर होतं, आणि बेसनाचा लाडू तहान वाढवतो (तरी दोन येणारच आहेत).

वजनं अशी आली, माणशी किलोत: रिकामी सॅक 1.7, स्लीपिंग बॅग 1.2, मॅट 0.35, कपडे आणि विंडचीटर 1.3, खाणं 0.7, टॉर्च-औषधं-पॉवरबँक वगैरे 0.8, दोन तंबूंच्या वाटणीतले 1.1, पाणी 3. एकूण दहाच्या थोडं वर. तंबूंचे सांगाडे आणि कापड वेगवेगळ्या माणसांकडे, पण दोन्ही भाग एकाच तंबूत झोपणाऱ्यांकडे. नाहीतर एक जोडी मागे राहिली की दोन्ही तंबू निरुपयोगी.

सहावा आठवडा : वाट

रतनवाडीहून गडाकडे चढताना शिड्यांच्या खालच्या रानात कात्राबाईकडे वाट फुटते. पुढे दाट झाडीत ढोरवाटा इतक्या, की मळलेली वाट हीच बरोबर असं धरून चालत नाही. फोनमध्ये ट्रॅक ऑफलाइन उतरवलाय, पण कड्याच्या पोटात आणि दाट झाडाखाली जीपीएसचा ठिपका उड्या मारतो. म्हणून रतनवाडीतून कुमशेतपर्यंत वाटाड्या सांगून ठेवला. नव्या माणसांबरोबर हा खर्च वाचवायचा नाही. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, रानात साडेपाचलाच टॉर्च लागते. दुपारी एकपर्यंत खिंड गाठली नाही तर जेवण चालताचालता.

पावसानंतरची कारवी अजून हिरवी आणि खरखरीत आहे. पूर्ण बाह्यांचा शर्ट. रतनगडावर टाक्यांचं पाणी, हरिश्चंद्रगडावरही टाकी आहेत. दोन्हीकडे आधी मलमलीच्या फडक्यातून गाळून मग क्लोरीनची गोळी, अर्धा तास थांबून. गढूळ पाण्यात गोळी थेट टाकली तर ती गाळावरच खर्च होते.

कोकणकड्याच्या बाजूला रात्री दव इतकं पडतं की तंबूच्या आतही पाणी ठिबकतं. दोन्ही टोकांच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवायच्या, आणि सकाळी कापड फडक्याने पुसूनच गुंडाळायचं.

आजची स्थिती: नापास झालेल्या बुटाच्या जागी आलेला नवा बूट सिंहगडाच्या आतकरवाडीच्या वाटेने तीनदा वर-खाली करून आला, फोड नाही. चिकटवलेला बूट राजमाचीनंतरही घट्ट. तीन व्यक्तींच्या तंबूची एक झिप अडकत होती, स्लायडर पकडीने किंचित दाबला, आता धरते. लाह्या दळायला दिल्यात, पीठ बुधवारी संध्याकाळी मिळेल. दशम्या गुरुवारी पहाटे.