खेळांच्या मधल्या वेळेतील प्रश्नमंजूषा: माझा अनुभव

आमचा खेळगट ऑनलाइन असला तरी त्याची मुळे सोलापुरात आहेत. जुळे सोलापूर, अशोक चौक, साखर पेठ आणि होटगी रस्त्याकडील काही जण, शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुणे, हैदराबाद आणि बेंगळुरू येथे गेलेले काही जण आणि त्यांच्या ओळखीने आलेले मंगळवेढा व बार्शीकडचे खेळाडू असे आम्ही रात्री डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर जमतो. कोणी बीजीएमआय हा फोनवरचा लढाईचा खेळ खेळतो, कोणी माइनक्राफ्ट या खेळात ठोकळ्यांची वस्ती उभारतो, तर वयाने मोठी मंडळी लिचेस या संकेतस्थळावर बुद्धिबळाचा डाव मांडतात. खेळ निरनिराळे असल्यामुळे एकाचा डाव संपेपर्यंत दुसऱ्याला थांबावे लागते, आणि त्या मधल्या वेळेत एकतर शांतता पसरत असे किंवा नुकत्याच झालेल्या हरण्यावरून खटके उडत असत. रविवारी खेळाआधी आणि डावांच्या मधे प्रश्नमंजूषा घ्यावी, असे गटात ठरले आणि ती चालवण्याचे काम माझ्याकडे आले. ती रुळेपर्यंत काय काय करावे लागले, ते येथे लिहीत आहे.

त्याआधी गटात अधूनमधून जे प्रश्न विचारले जात, त्यांची रीत एकच होती. ‘टेट्रिस हा खेळ कोणी तयार केला?’ असे कोणी विचारायचे, ज्याचा हात फोनवर लवकर चालेल तो ‘अलेक्सी पाजित्नोव, मॉस्को, 1984’ असे लिहून मोकळा व्हायचा, आणि विषय तेथेच संपायचा. उत्तर बरोबर होते, मात्र त्यानंतर कोणाला काही बोलण्यासारखे उरत नव्हते. म्हणून मी ‘कोण’ आणि ‘केव्हा’ यांच्याऐवजी ‘का’ विचारायचे ठरवले. पहिल्या फेरीत 1978 मधील स्पेस इन्व्हेडर्स या खेळावर प्रश्न होता: पडद्यावरचे शत्रू कमी होत जातात तसे उरलेले अधिक वेगाने का सरकू लागतात? बहुतेकांचा अंदाज असा होता की, खेळ अवघड व्हावा म्हणून निर्मात्याने तशी योजना केली असावी. वस्तुस्थिती अशी की, त्या काळच्या यंत्राला सगळे शत्रू हलवण्यास वेळ लागत असे, आकृत्या कमी झाल्या की तेच काम लवकर उरकू लागे, आणि खेळाचे निर्माते तोमोहिरो निशिकादो यांनी तो परिणाम काढून न टाकता खेळात तसाच ठेवला. या उत्तरानंतर संगणकशास्त्राचे विद्यार्थी आणि केवळ हौसेने खेळणारे पहिल्यांदाच एकमेकांशी मनापासून बोलले.

पडताळणीचा नियम मी सुरुवातीपासून कडक ठेवला. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणी माहिती सापडल्याशिवाय प्रश्न घ्यायचा नाही, आणि ‘असे म्हणतात’ या आधारावर तर मुळीच नाही. खेळांच्या जगात दंतकथा फार आहेत, आणि त्यांतल्या काही खऱ्याही निघतात, म्हणून तपासणे दोन्ही बाजूंनी गरजेचे असते. अटारी कंपनीने न खपलेली ‘ई.टी.’ या व्हिडिओ खेळाची काडतुसे (खेळ साठवलेल्या, यंत्रात बसवायच्या डब्या) 1983 मध्ये न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे जमिनीत पुरली, ही गोष्ट अनेक वर्षे लोक कपोलकल्पित समजत होते. 2014 मध्ये तेथे खोदकाम झाले आणि काडतुसे खरोखर वर आली. हा प्रसंग मी नव्या सदस्यांना आवर्जून सांगतो, कारण त्यातून पडताळणीचा कंटाळा जातो.

गटाला सर्वांत जवळचा ठरलेला प्रश्न मात्र सोलापुरातूनच आला. ‘सोलापुरी चादरीचा आणि तुम्ही खेळता त्या संगणकाचा संबंध काय?’ असे मी विचारले, तेव्हा बराच वेळ कोणालाही धागा सापडेना. चादरीवरची नक्षी जॅकार्ड पद्धतीच्या मागावर विणली जाते. फ्रान्समधील लिऑंच्या जोसेफ मारी जॅकार्ड यांनी 1804 च्या सुमारास सिद्ध केलेल्या या यंत्रणेत पुठ्ठ्याच्या कार्डांवर छिद्रे पाडलेली असतात. जेथे छिद्र असते तेथे त्या जागेचा ताण्याचा धागा उचलला जातो आणि जेथे नसते तेथे तो खालीच राहतो. म्हणजे प्रत्येक धाग्याला केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढीच आज्ञा मिळते. चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या विश्लेषक यंत्रासाठी, म्हणजे योजलेल्या यांत्रिक संगणकासाठी, हीच कार्डांची कल्पना घेतली, 1843 मध्ये एडा लवलेस यांनी त्या यंत्राची तुलना फुले-पाने विणणाऱ्या जॅकार्ड मागाशी केली, आणि पुढे 1890 च्या अमेरिकी जनगणनेत माहिती यंत्राने मोजण्यासाठी हर्मन हॉलरिथ यांची छिद्रांकित कार्डे वापरली गेली.

हे सांगून मी थांबलो, आणि त्यानंतर जे घडले ते माझ्या तयारीच्या पलीकडचे होते. यंत्रमागावर आयुष्य गेलेले एक काका आमच्या गटात बुद्धिबळासाठी येतात आणि एरवी फारसे बोलत नाहीत. नव्या नक्षीसाठी आधी चौकटीच्या कागदावर चित्र कसे भरावे लागते, त्यावरून एकेक कार्ड कसे पाडतात, कार्डे क्रमाने दोऱ्याने कशी ओवतात आणि एका कार्डाची चूक कापडावर पुन्हा पुन्हा कशी उमटत राहते, हे त्यांनी सविस्तर सांगितले. तेव्हा माइनक्राफ्ट खेळणाऱ्या एका मुलाने विचारले, “काका, म्हणजे तुम्ही प्रोग्रामच लिहीत होतात ना?” त्या रात्री खेळ झालाच नाही, आणि कोणी त्याची तक्रारही केली नाही. प्रश्नाची योग्यता मी तेव्हापासून एकाच कसोटीवर ठरवतो: उत्तर कळल्यानंतर गटातील किती जणांना आपल्या अनुभवातले काही सांगावेसे वाटते.

त्याच कसोटीवर बुद्धिबळाच्या पटावरील दाण्यांची जुनी गोष्टही उतरली. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे दुप्पट करत 64 घरे भरली, तर एकूण 18,446,744,073,709,551,615 दाणे होतात. मंगळवेढ्याच्या एका सदस्याने गहू बाजूला ठेवून मालदांडी ज्वारीचा हिशेब मांडला. हजार दाण्यांचे वजन 30 ग्रॅम धरले, तर ही ज्वारी सुमारे 55 हजार कोटी टन भरते. आपल्या देशात सगळे अन्नधान्य मिळून वर्षाला पस्तीस कोटी टनांच्या आसपास पिकते, म्हणजे तो पट भरायला दीड हजारांहून अधिक वर्षांचे पीक लागेल. आकडा ऐकून सगळे स्तब्ध झाले, आणि मग कोठाराला जागा किती लागेल याचे हिशेब आठवडाभर चालू राहिले.

वागण्याचे नियम थोडकेच आहेत. मोठ्यांना काका, मावशी किंवा सर म्हणायचे आणि मुलांनाही ‘अरे, गप रे’ म्हणून गप्प करायचे नाही. चुकलेल्या उत्तरावर हसायचे नाही. कोणाचा पत्ता, शाळा किंवा फोन क्रमांक विचारायचा नाही. पालकांपैकी कोणीतरी ऐकत असेल तरच लहान मुलांनी आवाजी गप्पांत यायचे. सोलापुरात पाणी काही दिवसांच्या अंतराने आणि अनेकदा अवेळी येते, म्हणून ‘पाणी आलंय’ असे सांगून उठणाऱ्याची पाळी राखून ठेवण्याचा नियमही आम्ही केला. मला तो सर्वांत आवश्यक वाटतो, कारण बहुतेक घरांत भांडी भरायला उठणारी व्यक्ती बाईच असते आणि तेवढ्यावरून तिची पाळी जाणे अन्यायाचे होते.

भाषेचाही विचार करावा लागला. आमच्याकडे घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांना मराठी समजते, तरी लिहिताना अडखळायला होते. म्हणून लिहून उत्तर देण्याची सक्ती काढून बोलून उत्तर देण्याची मुभा दिली. तिचा लाभ लगेच दिसला. पचीसीपासून आलेल्या लुडोचे इंग्लंडमध्ये 1896 मध्ये पेटंट घेतले गेले, एवढेच मी सांगितले होते. त्यावर अशोक चौकातील एका आजींनी चार कवड्यांवर खेळायच्या अष्टाचम्माचे नियम तेलुगू-मराठी मिसळून समजावले, आणि पंचवीस घरांचा तोच पट आपल्या घरी थोड्या वेगळ्या नियमांनी खेळत असल्याचे एका कानडी कुटुंबाने सांगितले.

हल्ली प्रश्न काढण्याची पाळी सर्वांकडे फिरते. गेल्या फेरीत नववीत शिकणाऱ्या एका मुलीने बुद्धिबळ हा विषय घेतला. नागपूरची दिव्या देशमुख 2025 मध्ये महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, येथून तिने सुरुवात केली, आणि नंतर विचारले की, शेजारून दोन घरे पुढे गेलेले प्यादे जणू एकच घर गेले आहे असे मानून मारण्याची मुभा का दिली गेली. उत्तर असे की, युरोपात प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे जाण्याची सूट मिळाल्यावर ते प्रतिस्पर्ध्याच्या माऱ्यातले घर ओलांडून निसटू लागले, म्हणून हा नियम आला. देशी बुद्धिबळात प्यादे एकच घर चालत असल्यामुळे त्याची गरजच नव्हती. एका निवृत्त शिक्षकांनी लहानपणी तोच देशी खेळ शिकला होता, ज्यात राजाला एकदा घोड्याची चाल मिळते. त्याच नियमांवर वाढलेल्या मीर सुलतान खान यांनी पुढे 1929, 1932 आणि 1933 मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले, हे त्यांनी तिला सांगितले. मग दोघांनी आपापल्या घरी पट मांडून, चाली तोंडाने सांगत, जुन्या नियमांनी डाव सुरू केला. तो अजून संपलेला नाही. सरांचा हत्ती अडकला आहे, आणि येत्या रविवारी प्रश्नांआधी पुढची चाल त्यांची आहे.