भोंगा वाजला म्हणजे निरोप पोचला असं नाही

अणुवीज केंद्राची मॉक ड्रिल म्हटली की आमच्या बेळगाव-खानापूरकडं बऱ्याच जणांना वाटतं, हा काय आपला विषय नव्हे. खरं आमच्या तालुक्यातल्या कितीतरी घरांची सोयरीक जोयडा, हल्याळ, कारवारकडं आहे आणि कैगा अणुवीज केंद्र त्याच बाजूला आहे. काळी नदीवर, कद्रा धरणाच्या पाण्याकाठी, प्रत्येकी २२० मेगावॉटचे चार रिॲक्टर, एकूण ८८०, आणि शेजारीच ७०० मेगावॉटचे आणखी दोन उभे करायचं काम काढलंय. बेळगाव शहर तिथनं सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर, म्हणजे आपण काही आणीबाणीच्या पट्ट्यात येत नाही, तो पट्टा १६ किलोमीटरचा असतो. हे आधीच सांगून टाकते, कारण कुणी घाबरावं म्हणून मी हे लिहीत नाहीये. केंद्र चालवणारी माणसं हुशार आहेत, त्यांच्या पहिल्या युनिटनं २०१८ च्या शेवटी सलग ९६२ दिवस न थांबता चालून जागतिक विक्रम केला होता. मला बोलायचंय ते कुंपणाच्या बाहेर राहणाऱ्या माणसाबद्दल. काही झालंच तर त्याला कळणार कधी आणि कळल्यावर तो करणार काय, एवढंच.

नियम चांगले आहेत. अणुऊर्जा नियामक मंडळानं तीन थरांचे सराव ठरवून दिलेत, प्लांटपुरता दर तीन महिन्यांनी, पूर्ण साइटचा वर्षातनं एकदा आणि बाहेरच्या गावांसकट ऑफ-साइट सराव दोन वर्षांतनं एकदा. या शेवटच्या सरावाचे प्रमुख केंद्राचे साहेब नसतात, जिल्ह्याचे डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी, असतात. म्हणजे पोलीस, आरोग्य खातं, सरकारी बसवाले, तहसीलदार, पंचायत सगळे त्यात येतात. कागदावर बघितलं तर काही कमी नाही.

खरं सरावात मोजतात काय, ते बघा. कंट्रोल रूममधनं फोन किती वाजता गेला, डीसी ऑफिसला किती वाजता मिळाला, गाड्या किती वाजता निघाल्या, भोंगा वाजला का. हे सगळं निरोप पाठवणाऱ्याच्या बाजूचं मोजमाप झालं. ज्याला निरोप मिळायला पाहिजे त्याच्या बाजूला कोण घड्याळ घेऊन उभा असतो? शेतात वाकून लावणी करणाऱ्या बाईला भोंगा ऐकू आला का, आला असला तर तिला तो कशाचा वाटला, आणि मग तिनं काय केलं, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय "अलर्ट यशस्वी" असं लिहायचंच नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी मावशी जोयड्याकडं दिलीय. गेल्या वेळी गेले होते तेव्हा सहज विचारलं, मावशी, समज एकदम मोठा भोंगा वाजायला लागला तर तू काय करशील गं? ती भात वेळत होती, वरही न बघता म्हणाली, "बाहेर येऊन बघणार की, कुठं काय झालंय म्हणून." काका पडवीत बसलेले, ते म्हणाले, "कारखान्याचा असंल म्हणायचं, वाजूदे." दोघांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. कारण अणुकेंद्राच्या अलर्टला करायचं असतं ते बरोबर उलटं. आत जायचं, दारं-खिडक्या लावायच्या, फॅन बंद करायचा, पाणी आणि जेवण झाकायचं, रेडिओ नाहीतर मोबाईल चालू ठेवून पुढच्या सूचनेची वाट बघायची, आणि आयोडीनची गोळी, जी गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला किरणोत्सर्गापासनं वाचवते, ती सांगितल्याशिवाय घ्यायची नाही. आणि आमची सवय काय तर आवाज झाला की अंगणात. पोरं तर रस्त्यावर. त्यात मावशीचं घर मंगळुरी कौलांचं, भिंत आणि कौलं यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट, दार लावलं तरी वारं आत येतंच. अशा घरात "आत थांबा" म्हणजे नेमकं कुठल्या खोलीत थांबायचं, फटीत कापड कोंबायचं का, गोठ्यातल्या म्हशीचं काय करायचं, हे कुणी घरात येऊन दाखवलं तर कळेल. पत्रकात "सुरक्षित स्थळी आश्रय घ्या" लिहून ते नाही होत.

काकांचं कारखान्याचं बोलणंही सोडून देण्यासारखं नाही. आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, भोंगा वाजला की शिफ्ट बदलली एवढंच लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. लहानपणापासून ज्या आवाजावर जेवणाची वेळ ठरली, तसलाच आवाज एक दिवस "घरात पळा" म्हणून वाजला तर माणूस पळणार नाही, यात त्याचा काय दोष.

बाहेरच्या देशात हे सगळं सुधारलेलं असेल असं वाटतं ना, तिथलंही वाचलंय मी. भूकंप-त्सुनामीत अपघात झालेलं जपानचं फुकुशिमा अणुकेंद्र घ्या. जपान म्हणजे सरावाचा देश, गावागावात खांबांवर लाउडस्पीकर. ११ मार्च २०११ ला रात्री ९ वाजून २३ मिनिटांनी ३ किलोमीटरच्या आतल्या लोकांना निघायचा आदेश झाला, आणि त्यांच्या संसदेनं नेमलेल्या चौकशी आयोगाच्या म्हणण्याप्रमाणं त्या वेळी केंद्राच्या गावातल्या फक्त २० टक्के लोकांना अपघाताची माहिती होती. वीस टक्के! दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाच्या सुमारास १० किलोमीटरचा आदेश निघाला तेव्हा बाकीच्या बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं. नामिए गावच्या महापौरांना तर सरकारकडनं निरोपच नाही, त्यांनी टीव्हीवर बघितलं आणि लोकांना घेऊन त्सुशिमा भागात गेले, आणि वारं नेमकं तिकडंच वाहत होतं. किरणोत्सर्ग कुठं जाईल याचा अंदाज देणारी यंत्रणा सरकारकडं होती, तिचे आकडे त्या गावापर्यंत पोचले नाहीत. आयोगानं आणखी एक गोष्ट लिहून ठेवलीय, आधीच्या सरावांत मोठा अपघात आणि नैसर्गिक आपत्ती एकाच वेळी येईल हे धरलेलंच नव्हतं. म्हणजे सराव व्हायचे, फक्त लाइट आहे, रस्ता चांगला आहे, फोन लागतोय असं धरून व्हायचे.

इथं मला आमचा २०१९ चा ऑगस्ट आठवतो. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा तिन्ही एकदम अंगावर आल्या. त्या दिवसांत निरोप कसे फिरले ते ज्यांनी बघितलंय त्यांना पुढचं समजावून सांगायला नको. पहिल्यांदा लाइट जाते, मग काही तासांत टॉवरची बॅटरी संपते, मग व्हॉट्सॲप गप्प. उरतो तो देवळाचा नाहीतर मशिदीचा स्पीकर, आणि डांगोरा. आमच्या एका पाहुण्यांच्या गावात ट्रॅक्टरवर भोंगा बांधून माणूस फिरला, पावसाचा आवाज एवढा की "पाणी सोडलंय" एवढं एकच लोकांना ऐकू गेलं. किती सोडलंय, किती वाजेपर्यंत येणार, कुठल्या शाळेत जायचं, काही नाही. निम्मे लोक पुलाकडं बघायला गेले. आणि हे डोळ्याला दिसणारं पाणी होतं, किरणोत्सर्ग तर दिसतही नाही आणि त्याला वासही नाही. पावसाळ्यात वारं नैऋत्येकडनं येतं, कैग्याचा घाट पावसात बुडालेला असतो, रस्त्यावर झाडं पडलेली असतात. म्हणून माझं म्हणणं असं, एक तरी ऑफ-साइट सराव जुलैमध्ये घ्या, लाइट नाही असं धरून. जानेवारीतल्या कोरड्या हवेत भोंगा पाच किलोमीटर ऐकू आला यात काय विशेष.

आता दुसरी बाजू, निरोप चुकून जाण्याची. १२ जानेवारी २०२०, कॅनडातला ओंटारिओ प्रांत, रविवारी सकाळी ७ वाजून २३ मिनिटांनी सगळ्यांचे मोबाईल एकदम किंचाळले, पिकरिंग अणुकेंद्रात घटना घडलीय म्हणून. घडलं काहीच नव्हतं. शिफ्ट बदलताना यंत्रणेची रोजची चाचणी घेणाऱ्या माणसानं सरावाच्या सिस्टीमऐवजी खऱ्या सिस्टीममधनं मेसेज सोडला. चूक काही मिनिटांतच लक्षात आली होती, तरी "तो अलर्ट चुकीचा होता" हा मेसेज लोकांच्या फोनवर यायला ९ वाजून ११ मिनिटं झाली, कारण परत घ्यायचा मेसेज कसा आणि कुणी पाठवायचा हे तिथं कुणाला पक्कं माहीत नव्हतं. त्या दोन दिवसांत आयोडीनच्या गोळ्यांची मागणी ३२ हजारांच्या वर गेली, एरवी महिन्याला शे-दोनशे. मला यात बटण दाबणाऱ्यापेक्षा ते पावणेदोन तास जास्त खुपतात. अलर्ट द्यायचा सराव सगळे करतात, अलर्ट मागं घ्यायचा सराव कोण करतं? आमच्याकडं तर पावणेदोन तासांत अफवा कारवारहून निघून कोल्हापूरला जेवून येईल.

आणि "लोक उगाच घाबरतील" हे कारण सांगून गप्प बसणं तर आपल्या देशाला फार महाग पडलंय. भोपाळमध्ये १९८४ च्या त्या रात्री कारखान्याचा बाहेरच्या लोकांसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला होता, किरकोळ गळतीला वस्तीतले लोक घाबरू नयेत म्हणून तशी पद्धतच ठेवलेली. लोक झोपेतनं उठले ते डोळे जळायला लागल्यावर. कैग्यातही नोव्हेंबर २००९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये कुणीतरी ट्रिशियमचं, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजनचं, जड पाणी मिसळलं, पन्नासच्या वर कामगारांच्या तपासणीत ते सापडलं. ती आतली गोष्ट होती, बाहेर गळती नव्हती. खरं लोकांना ते काही दिवसांनी पेपर आणि टीव्हीवरनं कळलं. आतलं असो की बाहेरचं, पहिल्या दिवशी स्वतः सांगितलं तर दहाव्या दिवशीच्या भोंग्यावर लोक विश्वास ठेवतील. हा विश्वास सरावाच्या दिवशी तयार होत नाही, तो आधीपासनं असावा लागतो.

मोबाईलवर आता आशा ठेवायला जागा आहे, हे मान्य. ऑक्टोबर २०२३ मध्ये कर्नाटकात सेल ब्रॉडकास्टची चाचणी झाली. मी तेव्हा बाजारात होते, दुकानातले सगळे फोन एकाच वेळी ओरडले, दुकानदार दचकला, एका आजींनी फोन पोत्यावर टाकून दिला, आणि मग सगळ्यांनी न वाचताच ओके दाबलं. ही सिस्टीम चांगली आहे, कुणाचा फोन नंबर माहीत असावा लागत नाही, टॉवरच्या टप्प्यातल्या प्रत्येक चालू फोनवर निरोप जाऊ शकतो. खरं जोयड्याच्या जंगलात कितीतरी वाड्यांना टॉवरच नाही. आणि टॉवर आहे तिथं भाषेचं बघा. त्या पट्ट्यात कन्नड, कोंकणी, मराठी तिन्ही बोलणारी माणसं आहेत, म्हाताऱ्या बायकांना वाचताच येत नाही. निपाणीकडं तर चालता चालता फोन महाराष्ट्राचा टॉवर पकडतो. सीमाप्रश्नावर ज्याला जे म्हणायचंय ते म्हणू दे, मी त्यात पडत नाही, निदान जीव वाचवायचा निरोप तरी तिन्ही भाषांत आणि आवाजात यायला पाहिजे. यात कुणाचा अपमान होत नाही.

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या वरच्या अंगाला इंडियन पॉइंट नावाचं केंद्र होतं, आता बंद झालंय. तिथं भोंग्यांना बॅटरी बॅकअपसकट नवी यंत्रणा बसवायची मुदत कंपनीनं पाळली नाही म्हणून नियामकानं २००७ मध्ये १ लाख ३० हजार डॉलर दंड केला, तरी झालं नाही म्हणून पुढच्या वर्षी साडेसहा लाखांचा. केंद्र सुरक्षित चालू असताना, नुसत्या भोंग्यासाठी दंड. मला हे फार आवडलं.

आपल्याकडं मला एवढंच पाहिजे. पुढच्या ऑफ-साइट सरावात १६ किलोमीटरच्या आतली काही घरं आधी न सांगता निवडा, रानातली, नदीपलीकडची, म्हातारी माणसं एकटी राहतात ती. सराव झाल्यावर त्याच संध्याकाळी आशा कार्यकर्ती नाहीतर शाळेचे मास्तर तिथं जाऊन विचारतील, ऐकू आलं का, किती वाजता, काय वाटलं, काय केलं. जी उत्तरं येतील ती, चांगली असोत वाईट असोत, पंचायतीच्या बोर्डावर लावा. पुढच्या सरावाला परत त्याच घरांत जाऊन तेच विचारा. मावशीला मी कपाटाच्या आतल्या बाजूला चार ओळी लिहून दिल्यात, तिनं शेजारणीलाही उतरवून दिल्या. खरं हे काम माझं नव्हे, डीसी ऑफिसचं आहे, आणि मी तसं लेखी पत्र द्यायचं ठरवलंय. ज्यांचं कुणी कैग्याजवळच्या कद्रा, मल्लापूरकडं राहतं त्यांनी सही करायची असेल तर सांगा, कन्नडमधनं मसुदा लिहून देणारं माणूस मला मिळालंय.