जांबोटीमार्गे सायबाकडं

नोव्हेंबर सरत आला की बेळगाव-खानापूर भागातले ख्रिस्ती लोक पायी गोव्याला निघतात. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची प्रार्थना. आमच्या आळीत याला वारीच म्हणतात. शेजारचे आषाढीला पंढरपूरला जातात, आम्ही सायबाकडं, म्हणजे झेवियरकडं. पुढं मूर्ती ठेवलेली सजवलेली गाडी, मागं रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणत चालणारी माणसं, आणि सगळ्यांत शेवटी अंथरुणं-भांडी भरलेला टेम्पो. पाय बोलायला लागले तर टेम्पोत बसावं, त्यात कमीपणा नाही, असं फादर सांगतात. पण बसलेल्याला पुढं वर्षभर ऐकून घ्यावं लागतं, ते वेगळं.

मी दादासाठी चालले. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्यात, आठवड्यातनं दोनदा डायलिसिस असतं. मध्यंतरी कुणीतरी त्याला आरोग्यदानाच्या प्रार्थनेला नेलं. तिथं एकानं माईकवरून सांगितलं, बरं वाटत नसेल तर विश्वास कमी पडतोय. दादा काही बोलला नाही. वहिनी मात्र दोन दिवस जेवली नाही. आजाऱ्याच्या डोक्यावर आजार आहेच, वर हा दोष कशाला? बायबलात खुद्द प्रेषित पौलानं अंगातला काटा काढ म्हणून प्रभूला तीनदा विनवलं. काटा निघाला नाही, ‘माझी कृपा तुला पुरे’ एवढंच उत्तर आलं. पौलाचा विश्वास कमी होता म्हणायची कुणाची छाती आहे?

पिरनवाडी, किणये मागं पडलं, कुसमळीजवळ मलप्रभा ओलांडली. जांबोटीला चहाला थांबलो. टपरीवरच्या म्हातारीनं विचारलं, “कुठं चाललासा?”

“सायबाकडं. गोव्याला.”

तिनं कमरेची चंची सोडली. सुपारीच्या खांडांतनं चुन्याचा डाग पडलेली दहाची नोट काढली आणि माझ्या हातात कोंबली. “माझ्या नावानं एक मेणबत्ती लावा. ह्यो डावा गुडघा हाय बघा.” मी बरं म्हणून उठले, तशी तिनं परत हाक मारली. “नाव सांगा हं त्याला माझं. नुसतं जांबोटीची म्हातारी म्हटलंसा तर कसं कळायचं त्याला? इथं म्हाताऱ्या काय कमी हाईत?”

सगळे हसले, मीही हसले. पण जांबोटीच्या पुढं रान लागलं, रोझरी संपून माणसं आपापल्या चालीनं पांगली, तेव्हा ते वाक्य डोक्यात बसलं. बायबलात मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात रक्तस्रावाची बाई आहे ना, तिची गोष्ट. बारा वर्षांचं दुखणं, सगळा पैसा वैद्यांच्या घशात गेलेला. गर्दीत ती मागनं येते, येशूच्या वस्त्राला हात लावते आणि त्याच क्षणी बरी होते. काम झालं. तिला गुपचूप घरी जायचं होतं. पण येशू थांबतो आणि विचारतो, मला कुणी शिवलं? तेही कधी, तर ज्याच्या घरी तो निघाला होता त्या याईराची पोरगी मरायला टेकलेली आणि बाप वाट बघत उभा असताना. शिष्य वैतागतात, एवढी रेटारेटी चाललीय आणि हे काय विचारणं! तरी तो हलत नाही. ती थरथरत पुढं येते, सगळं सांगते, आणि तो तिला ‘मुली’ म्हणतो. गुण तर तिला आधीच आला होता. त्याला ती बाई हवी होती, समोरासमोर. टपरीवरच्या म्हातारीला हे कुणी शिकवलं असेल, कोण जाणे.

दादासाठी काय मागायचं ते बेळगावातच ठरवून निघाले होते. कणकुंबीच्या चढावर मागणं संपलं आणि नुसत्या दादाच्या गोष्टी सुरू झाल्या. लहानपणी त्यानं माझी पाटी फोडून स्वतःची मला दिली ती, डायलिसिसच्या दिवशी तो नर्सला विनोद सांगतो तो. वेडी म्हणा, पण पलीकडनं कुणी ऐकतंय असं वाटत होतं. इतकं जवळ मला चर्चच्या बाकावर कधी वाटलेलं नाही. कणकुंबीला थंडी मरणाची. मलप्रभा इथंच उगवते आणि पूर्वेला जाते, आम्ही तिच्याकडं पाठ करून पश्चिमेला.

झेवियर स्वतः तमिळनाडूच्या मासेमारी किनाऱ्यावर असताना आजाऱ्यांची बोलावणी इतकी यायची की त्याला पुरं पडेना. मग तो पोरांना घरोघर पाठवायचा. पोरांनी खाटेजवळ प्रार्थना म्हणायची, घरच्यांनीही सोबत म्हणायची. १५४४ च्या पत्रात त्यानंच हे लिहिलंय. मला हे फार आवडतं. खाटेजवळ कुणीतरी जाणं महत्त्वाचं.

चोर्ला घाटाच्या उतारानं गुडघ्यांची वाट लागली (म्हातारीची आठवण पावलागणिक). केरी, साखळी करत कसेबसे पोचलो. बॉम जेझू बासिलिकात सायबाची चांदीची पेटी उंचावर असते. ती खाली आणून दर्शन दहा वर्षांतनं एकदा, मागचं २०२४ च्या नोव्हेंबरात सुरू झालं होतं. बाकीच्या वर्षी मान वर करून बघायचं.

बाहेर मेणाचे अवयव विकायला असतात. हात, पाय, डोळे, हृदय, तान्हं बाळ, घरसुद्धा. मी विचारलं, किडनी? विकणारीनं सगळी टोपली उलटीपालटी केली. शेवटी म्हणाली, “किडनी ना गे बाये. आख्खो मनीस घे.”

घेतला आख्खा माणूस. दादाचं नाव सांगून वाहिला. शेजारी म्हातारीची मेणबत्ती लावली, तिचं नाव घेतलं, डावा गुडघा म्हणून दोनदा सांगितलं.

दादाला फोन केला तर म्हणाला, “मेणातला मी दिसायला कसा होतो?”

“पांढराफटक. डायलिसिस करून येतोस तेव्हा असतोस तसाच.”

खोकला येईपर्यंत हसला. किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन आहे तिथंच आहे. पुढच्या वर्षी कणकुंबीपर्यंत टेम्पोतनं येतो म्हणतोय, वहिनी नको म्हणतेय. डायलिसिसचे वार सोमवार-गुरुवार, त्यांच्या मधे बसवता आलं तर बघू.