पहिली बरणी

आज संध्याकाळी बरणीचे झाकण उघडले आणि आधी संत्र्याच्या सालीचा, मग ताज्या ठेचलेल्या मिरीचा वास नाकात भरला. लिमोनीन आणि कॅरिओफायलिन ही त्या वासांची नावे मला वाचून माहीत होती, परंतु संत्र्यात आणि मिरीत असलेली तीच द्रव्ये आपण लावलेल्या गांजाच्या तुऱ्यातून समोर येतात तेव्हा वाटणारे नवल काही वेगळेच असते.

मी राहते तिथे प्रौढ व्यक्तीला स्वतःपुरती मोजकी झाडे लावण्याची कायद्याने मुभा आहे. मी दोनच बिया रुजवल्या. पानांच्या बेचक्यात एका झाडाला इवल्याशा गोल कळ्यांचा घोस आला आणि दुसऱ्याला दोन पांढरे केस फुटले, त्यावरून पहिले नर आणि दुसरे मादी हे कळले. नराच्या कळ्या उमलण्यापूर्वीच ते झाड मी उपटले, कारण वाऱ्यावर आलेला पराग मादीला लागला की तिची सारी ताकद बिया भरण्यात जाते आणि जिच्यात गांजाचा वास आणि अंमल असतो ती चिकट राळ कमी धरते. इतके निरोगी झाड मुळासकट काढताना हात थोडा अडखळला, हे इथे नोंदवून ठेवते.

उरलेले झाड अरुंद पानांचे, उंच आणि सावकाश फुलणाऱ्या जातीचे होते. दिवस लहान होऊन रात्र लांबल्याखेरीज हे झाड फुलोऱ्यावर येत नाही, हे मला ठाऊक होते. तरीही भिंतीवरचा दिवा रात्रभर जळत राहतो आणि त्याचा उजेड थेट एका बाजूच्या फांद्यांवर पडतो, याकडे माझे कित्येक दिवस लक्षच गेले नाही. अंधारातल्या बाजूला तुरे धरू लागले होते आणि उजेडाकडची बाजू मात्र नुसती पालवत होती. दिवा बंद करू लागल्यावर ती बाजूही मार्गावर आली, पण मागेच राहिली.

त्यानंतर पाऊस लागला. एके सकाळी सर्वांत जाड तुऱ्यातले एकच लहान पान पिवळे दिसले; चिमटीत धरताच ते काहीही जोर न लावता निसटून आले. तुरा उकलून पाहिला तर आतला दांडा तपकिरी, मऊ पडलेला आणि त्यावर राखाडी लव. ही बोट्रायटिस नावाची बुरशी आतून पोखरत येते आणि बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तो तुरा आणि त्याखालची वीतभर फांदी कापून टाकली, कात्री स्पिरिटने पुसली आणि पाऊस थांबेपर्यंत रोज सकाळी एकेक तुरा हाताने उकलून पाहत राहिले.

त्या धास्तीनेच माझ्याकडून चूक घडली. बुरशी सगळेच खाऊन टाकील या भीतीने मी एक फांदी वेळेआधी कापली आणि उन्हात दोन दिवसांत वाळवून टाकली. तिला कडबा भिजल्यासारखा वास आला, धूर घशाला झोंबला आणि त्यानंतर डोके नुसते जड झाले. त्या दिवशी मी दोष झाडाला दिला होता. आज बरणी उघडल्यावर तो दोष मी परत घेतला, कारण झाड तेच, माती तीच. बदलली होती ती कापण्याची वेळ आणि वाळवण्याची घाई.

उरलेल्या फांद्यांसाठी मी भिंगावर विसंबून राहिले. तुऱ्यावरचे राळेचे थेंब सुरुवातीला काचेसारखे स्वच्छ असतात, मग दुधाळ होतात आणि शेवटी मधाच्या रंगाकडे झुकतात. बहुतेक थेंब दुधाळ आणि अधूनमधून एखादा पिवळसर दिसला त्या सकाळी मी झाड कापले. अंधाऱ्या, थंड खोलीत फांद्या उलट्या टांगल्या, आणि बारीक काडी वाकवल्यावर न लवता कट्‌कन मोडू लागेपर्यंत अकरा दिवस थांबले. त्यानंतर तुरे बरण्यांत भरले आणि पहिला आठवडाभर रोज थोडा वेळ झाकण उघडून त्यांना वारा दिला.

आज त्यातला वाटाण्याएवढा तुकडा घेतला. बाहेर जायचे नव्हते, गाडी चालवायची नव्हती, जेवण झालेले होते. दोन झुरके घेऊन थांबले. धूर मऊ होता, जिभेवर मिरीची चव रेंगाळली, दहा मिनिटांत तोंडाला कोरड पडली आणि खांद्यांतला ताण हलकेच सुटला. नाडी थोडी जलद चालत होती, म्हणून तिसरा झुरका घेतला नाही. हे लिहिताना वाक्ये नेहमीपेक्षा लांबत आहेत, परंतु विचार तुटत नाही.

दुसऱ्या बरणीवर चिठ्ठी चिकटवली आहे: आणखी महिनाभर उघडू नये. भिंतीवरच्या दिव्याची जागा बदलायचे काम पेरणीआधी करायचे आहे.